मानसिक आरोग्य संस्थेच्या विश्वस्त मंडळावर नवी माणसं कशी आणावीत: पहिल्या तयारीपासून पहिल्या वर्षापर्यंत

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या बहुतेक संस्थांना विश्वस्तांची आठवण होते ती वार्षिक सभा तोंडावर आल्यावर. दोन जागा रिकाम्या असतात. अध्यक्ष आणि सचिव आपापल्या ओळखीत फोन फिरवतात आणि आठवडाभरात एक निवृत्त बँक अधिकारी व एक डॉक्टर मिळतात. दोघंही भली माणसं, पण मंडळावर आधीच तीन डॉक्टर आणि दोन बँकवाले बसलेले असतात. मग सभेत कुणीतरी म्हणतं, ‘आपल्याकडे वेगळ्या लोकांचे अर्जच येत नाहीत.’ मुळात अर्ज कुणी मागवलेलेच नसतात.

काही संस्था याच्या उलट करतात. आजारातून गेलेल्या एका व्यक्तीला मोठ्या उत्साहाने मंडळावर घेतात, स्वागत करतात, फोटो काढतात. चार-पाच सभांनंतर ती व्यक्ती यायची थांबते आणि ‘त्यांना झेपलं नाही’ असा निष्कर्ष निघतो.

दोन्हीकडे क्रम चुकलेला असतो. माणसं शोधण्याआधी मंडळाची कामाची पद्धत बदलावी लागते. निवडीइतकाच वेळ निवडीनंतरच्या वर्षासाठी राखून ठेवावा लागतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. घाई न करता केलं तर पहिल्या टप्प्यापासून नियुक्तीपर्यंत पाच ते सहा महिने लागतात, हे मंडळाला सुरुवातीलाच सांगून टाका.

या लेखात आजाराचा स्वतः अनुभव घेतलेल्या व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी ‘शुभंकर’ हे शब्द वापरले आहेत.

## टप्पा 1: नियमावली बाहेर काढा

संस्थेची घटना किंवा नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. सचिवांना सगळं पाठ आहे म्हणून हा टप्पा सोडू नका. पुढच्या गोष्टी कागदावर उतरवून घ्या: मंडळावर जास्तीत जास्त किती जण असू शकतात, मुदत किती वर्षांची, निवड कोण करतं, मधेच स्वीकृत सदस्य घेता येतो का, आणि उमेदवार होण्यासाठी अटी काय आहेत.

अडचण बहुधा अटींमध्ये लपलेली असते. ‘किमान पाच वर्षं आजीव सदस्य’, ‘विद्यमान दोन विश्वस्तांची शिफारस’, ‘अमुक इतकी देणगी’ अशी कलमं असतील, तर बाहेर कितीही हाका मारा, आत येणार तेच लोक. असं कलम आधी रीतसर ठराव करून बदला.

दुसरं एक कलम जुन्या नियमावल्यांत हमखास सापडतं. मानसिक आजार असलेली किंवा ‘अस्थिर मनाची’ व्यक्ती विश्वस्त होऊ शकत नाही, असं सांगणारं. मानसिक आरोग्यासाठीच स्थापन झालेल्या संस्थांच्या कागदांतही ते असतं. आजाराचं निदान होणं आणि एखाद्या व्यक्तीला न्यायालयाने रीतसर अक्षम ठरवणं या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. देशाचा कायदा दुसऱ्या गोष्टीबद्दल काही सांगत असेल तर तेवढंच कलमात ठेवा आणि निदानाचा उल्लेख काढून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात दीर्घकालीन मानसिक आजाराने येणारं अपंगत्वही धरलेलं आहे. त्याचं कलम 12 कायद्यापुढे समान मान्यतेबद्दल आहे, आणि कलम 4 मधला तिसरा परिच्छेद निर्णयप्रक्रियेत अशा व्यक्तींचा सक्रिय सहभाग घ्यायला सांगतो. मंडळात कुणी हरकत घेतली तर ही दोन कलमं वाचून दाखवा.

मुदतीचाही निर्णय इथेच घ्या. वर्षानुवर्षं तीच माणसं बसून असतील तर जागाच रिकामी होत नाही. तीन वर्षांची मुदत, सलग दोनच मुदती आणि दरवर्षी साधारण एक तृतीयांश जागा मोकळ्या होतील अशी मांडणी केली, की अनुभवही टिकतो आणि दारही उघडं राहतं.

तपासा: नियमावलीतला बदल संबंधित नोंदणी कार्यालयात मंजूर झाल्याशिवाय जाहिरात काढू नका. निवडून आलेल्या माणसाला ‘तांत्रिक अडचण आली’ असं सांगावं लागणं हा त्याचा अपमान आहे.

## टप्पा 2: मंडळावर कोण आहे आणि कोण नाही

मोठ्या कागदावर तक्ता करा. डावीकडे विद्यमान विश्वस्तांची नावं, वर तीन गटांत रकाने. पहिला गट कौशल्यांचा: हिशेब, कायदा, मनुष्यबळ, निधी, डेटा आणि गोपनीयता. दुसरा अनुभवाचा: शुभार्थी, शुभंकर, सेवा देणारे, सेवा मिळवताना नकार सोसलेले. तिसरा, माणूस कोणत्या समाजातून आणि परिस्थितीतून येतो याचा: वय, लिंग, भाषा, जात-धर्म, अपंगत्व, उत्पन्नाचं साधन, शहर की गाव. शेजारी संस्थेच्या सेवा नोंदवहीतून गेल्या वर्षी कोण कोण आलं याचा ढोबळ गोषवारा ठेवा. दोन कागद शेजारी ठेवले की फट आपोआप दिसते. सेवा घेणारे निम्मे पंचविशीच्या आतले आणि मंडळावर पन्नाशीखालचं कुणीच नाही, असं चित्र निघालं तर शोध कुठे घ्यायचा ते ठरलंच.

मात्र अनुभवाचा रकाना दुसऱ्याने भरायचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 97 कोटी लोक, म्हणजे दर आठांतली एक व्यक्ती, कोणत्या ना कोणत्या मानसिक आजारासह जगत होती. तेव्हा नऊ जणांच्या मंडळावर कुणाला तसा अनुभव असणं अगदी शक्य आहे, फक्त तिथे तो सांगायची सोय नसेल. चिठ्ठ्या घ्या, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय ठेवा आणि मोजणी मंडळाबाहेरच्या माणसाकडे द्या. छोट्या मंडळात एखाद्या रकान्यात एकच चिठ्ठी आली तर ती कुणाची हे लगेच कळतं. म्हणून तीनपेक्षा कमी चिठ्ठ्या आलेल्या रकान्याचा आकडा जाहीर न करता ‘तीनपेक्षा कमी’ एवढंच सांगायचं.

आता संख्या. शुभार्थींसाठी एकच जागा ठेवण्याची पद्धत सोडून द्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्येच दाखवून दिलं होतं, की गटात एकट्या पडलेल्या व्यक्तीकडे सगळे तिच्या वर्गाचा नमुना म्हणून बघतात. तिची चूक साऱ्या वर्गाची ठरते. अमेरिकी कंपन्यांच्या संचालक मंडळांवरच्या स्त्रियांबद्दल 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन किंवा अधिक स्त्रिया असल्या की चर्चेची रीतच बदलते, असं आढळलं. तीन जागा लगेच शक्य नसतील तर निदान दोघांना एकाच वेळी आणा.

थांबा: शुभंकर आला म्हणजे शुभार्थीची जागा भरली असं धरू नका. दोघांचा अनुभव खरा, पण हित दर वेळी एकच नसतं. इच्छेविरुद्ध दाखल करणं, औषधाला नकार देण्याचा हक्क, घरच्यांना किती माहिती द्यायची, या प्रश्नांवर त्यांची मतं अनेकदा समोरासमोर उभी राहतात. म्हणूनच मंडळावर दोघंही हवेत.

## टप्पा 3: सभेची पद्धत आधी बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो.

वेळ. कामाच्या दिवशी दुपारी सभा ठेवली की रोजंदारीवरचे, दुकानात किंवा कारखान्यात काम करणारे बाद. सकाळी लवकर ठेवली तर रात्री औषध घेणाऱ्या अनेकांना त्रास, कारण काही औषधांची गुंगी सकाळी बराच वेळ राहते. सगळ्यांना विचारून वेळ ठरवा, वर्षभराच्या तारखा एकदम जाहीर करा. ऑनलाइन येण्याची सोय कायम ठेवा. दोन तासांहून लांब सभा असेल तर मध्ये पंधरा मिनिटांची सुटी विषयपत्रिकेवरच छापा.

कागद. विषयपत्रिका आणि टिपणं सभेआधी किमान सात दिवस पोचली पाहिजेत. प्रत्येक विषयाच्या वर तीन ओळी: काय ठरवायचं आहे, पर्याय कोणते, कार्यालयाची शिफारस काय. हिशेबाच्या पानाचं उदाहरण घ्या. ‘राखीव निधी: 4.2 महिने’ एवढंच लिहिलं तर खजिनदारांशिवाय कुणाला बोध होत नाही. त्याखाली ‘आज सगळ्या देणग्या थांबल्या तरी संस्था साधारण चार महिने पगार आणि भाडं देऊ शकेल, आपलं धोरण सहा महिन्यांचं आहे’ असं लिहा. आता कुणीही प्रश्न विचारू शकतं. याचा फायदा जुन्या विश्वस्तांनाही होतो, कारण न कळलेल्या ताळेबंदावर मान डोलावणारे बरेच असतात.

खर्च. विश्वस्तपद बिनमानधनी असतं, पण ते पदरमोड करून निभवायला लागलं तर खिशाला परवडणारे लोकच मंडळावर उरतात. प्रवास, इंटरनेट, लहान मुलं किंवा आजारी माणूस सांभाळायला ठेवलेल्या व्यक्तीचा मोबदला, दुभाषी: हे सगळं देण्याचा ठराव करा. पावती दिल्यावर महिनाभराने पैसे, ही पद्धत ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याच्या काहीच उपयोगाची नाही. तिकीट कार्यालयाने काढून द्यावं किंवा रक्कम आगाऊ द्यावी. एखाद्याला सरकारी भत्ता मिळत असेल तर संस्थेकडून मिळालेल्या रकमेचा त्यावर परिणाम होतो का, हे आधी विचारून घ्या.

भाषा. सभेत सेवा घेणाऱ्यांचा उल्लेख ‘केसेस’ असा होत असेल, ‘वेडेपणा करू नका’ हे सहज तोंडी येत असेल, तर ते नव्या माणसाच्या पहिल्याच सभेत त्याच्या कानावर पडणार. अध्यक्षांनी हे आधीच थांबवावं. आत्महत्येच्या घटनेवर चर्चा असेल तर ते विषयपत्रिकेत आधी कळवा, तपशील गरजेपुरता ठेवा, पद्धतीचं वर्णन टाळा, आणि त्या विषयापुरतं बाहेर जायची मुभा सगळ्यांनाच द्या.

तपासा: बदललेल्या पद्धतीने दोन सभा होऊ द्या. त्यानंतर जाहिरात.

## टप्पा 4: एका पानाचं भूमिकापत्र

लांबलचक लिहू नका, पण वेळेबद्दल खरं सांगा. वर्षात सहा सभा असतील तर सहा सभा, प्रत्येकी वाचनाचे दोन-तीन तास, एखाद्या समितीचं काम आणि अधूनमधून येणारा तातडीचा फोन, हे सगळं लिहा. कायदेशीर जबाबदारीही स्पष्ट लिहा: संस्थेच्या पैशांना आणि निर्णयांना विश्वस्त सामूहिकपणे उत्तरदायी असतात. हे लपवून कुणाला आणणं म्हणजे फसवणूक.

मग अटींवर लाल पेन फिरवा. ‘पदवीधर’, ‘किमान दहा वर्षांचा व्यवस्थापकीय अनुभव’, ‘इंग्रजीवर प्रभुत्व’: प्रत्येक अटीपुढे ‘ही नसेल तर नेमकं कोणतं काम अडेल?’ असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर अट जाते. त्या जागी असा मजकूर चालेल:

> ‘आधी कोणत्याही मंडळावर काम केलेलं नसलं तरी चालेल, आम्ही शिकवू. मानसिक आजाराचा स्वतःचा किंवा घरातला अनुभव आम्ही मोलाचा मानतो. तो किती सांगायचा, सांगायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. प्रवास आणि इतर खर्च संस्था आगाऊ देते.’

## टप्पा 5: हाक योग्य ठिकाणी द्या

संकेतस्थळावर आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकलेली जाहिरात ओळखीच्यांनाच दिसते. स्वमदत गट, अपंग हक्क संघटना, स्त्रियांचे आणि तृतीयपंथीयांचे गट, कामगार संघटना, तरुणांची मंडळं, स्थानिक भाषांमधली रेडिओ केंद्रं आणि वाचनालयं यांच्याकडे स्वतः जा. नुसतं पत्रक ठेवून परतू नका. त्यांच्याच बैठकीत वीस मिनिटं मागून घ्या, विश्वस्त म्हणजे काय ते सांगा, प्रश्न ऐका. मुदत चार ते सहा आठवड्यांची ठेवा, कारण ‘हे आपल्यासारख्यासाठी आहे का’ असा विचार करणाऱ्या माणसाला मनाची तयारी करायला वेळ लागतो. एक मोकळी भेटही ठेवा. तिथे विद्यमान विश्वस्त हजर असतील आणि अर्ज न करताही येता येईल.

थांबा: संस्थेत सध्या उपचार घेणाऱ्या व्यक्तीला तिच्या समुपदेशकाने किंवा डॉक्टरने विश्वस्तपदासाठी कधीही विचारू नये. त्या नात्यात ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. व्यक्तीने आपणहून अर्ज केला तर स्वागत आहे, पण नियुक्तीआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: तिच्या उपचाराची नोंद कोणत्याही विश्वस्ताला दिसणार नाही, तिच्यावर उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगार-बढतीच्या निर्णयात ती बसणार नाही, आणि हवं असल्यास उपचार दुसरीकडे घेण्याची सोय संस्था करून देईल. विश्वस्त झाल्यामुळे सेवा बंद होणार नाही, हे मात्र ठळकपणे सांगा. अनेक जण त्याच भीतीने अर्ज करत नाहीत.

## टप्पा 6: अर्ज आणि भेट

अर्ज दोन पानांचा. लेखी, फोनवर सांगून किंवा आवाज ध्वनिमुद्रित करून, कसाही चालेल. निदान, औषधं, रुग्णालयात राहिल्याचा इतिहास यांपैकी काहीही विचारू नका. डॉक्टरचं प्रमाणपत्र मागू नका. नाव, वय आणि पत्ता वेगळ्या कागदावर घ्या, म्हणजे पहिली छाननी फक्त उत्तरांवर होईल.

निवड समितीत तिघं असावेत. त्यांपैकी एक शुभार्थी, शक्यतो संस्थेबाहेरची. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, आणि भेटीच्या दोन-तीन दिवस आधी उमेदवारांना पाठवलेले. हजरजबाबीपणाची परीक्षा घ्यायची नसून विचार कसा करतात ते बघायचं आहे. प्रश्न असे असू शकतात:

- एका मोठ्या देणगीदाराची अट आहे की सेवा घेणाऱ्यांचे फोटो प्रचारात वापरायचे. मंडळावर तुम्ही काय म्हणाल?
- सगळ्यांचं एकमत झालंय आणि तुम्हाला ते पटत नाही. काय कराल?
- आमच्या संस्थेने करायला हवी आणि आम्ही करत नाही, अशी एक गोष्ट सांगा.
- हे काम नीट करता यावं म्हणून आमच्याकडून काय हवं?

शेवटचा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, बँक अधिकाऱ्यालाही. ‘आता बरे आहात ना?’ आणि ‘ताण झेपेल का?’ हे प्रश्न कुणालाच नाहीत. कितीही आपुलकीने विचारले तरी त्यातून एकच अर्थ पोचतो.

प्रत्येक परीक्षकाने आपले गुण आपसांत बोलण्याआधी लिहून टाकावेत. नाहीतर सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीचं मत सगळ्यांचं होतं. चर्चेत ‘आपल्यात मिसळतील असं वाटत नाही’ हे वाक्य आलं, की अध्यक्षांनी विचारावं, ‘कोणत्या प्रश्नाच्या कोणत्या उत्तरावरून?’ उत्तर नसेल तर तो मुद्दा गुणांत धरायचा नाही.

हितसंबंध सगळ्यांकडून लेखी घ्या: औषध कंपनीशी किंवा खासगी रुग्णालयाशी व्यवहार, कर्मचाऱ्यांत नातेवाईक, संस्थेला माल पुरवणं. ओळख, दोन संदर्भ, आणि मुलांशी किंवा असुरक्षित व्यक्तींशी संपर्क येणार असेल तर पार्श्वभूमी तपासणी, हेही सगळ्यांचं सारखंच. एकाला सूट आणि दुसऱ्याची कसून चौकशी, असं चालणार नाही.

ठरवण्याआधी उमेदवाराला एका सभेला निरीक्षक म्हणून बसू द्या. त्यालाही आपल्याला नकार देता आला पाहिजे.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना पंधरा दिवसांच्या आत खरं कारण कळवा आणि जमत असेल तर समितीत काम किंवा पुढच्या वेळची संधी देऊ करा. उत्तरच न देणाऱ्या संस्थेची गोष्ट स्वमदत गटांमध्ये झपाट्याने पसरते आणि पुढच्या जाहिरातीला कुणी फिरकत नाही.

## टप्पा 7: पहिलं वर्ष

नियुक्तीचा ठराव, नोंदणी कार्यालयातला बदल आणि बँकेची कागदपत्रं लगेच उरका. खरं काम त्यानंतरचं.

नव्या विश्वस्ताला एक सोबती द्या: अध्यक्ष सोडून दुसरा कुणीतरी अनुभवी विश्वस्त. सभेच्या दोन दिवस आधी अर्धा तास कागदांवर बोलणं आणि सभेनंतर एक फोन, एवढं पुरतं. ओळख करून देणाऱ्या बैठका तीन भागांत घ्या: पैसा, जबाबदाऱ्या, सेवा. एकाच दिवशी सगळं ओतलं तर काहीच लक्षात राहत नाही.

नव्या माणसाला फक्त ‘अनुभव’ या विषयावर बोलायला लावू नका. त्यांना वित्त समितीत किंवा नेमणूक समितीत घ्या. शुभार्थी म्हणून आलेली व्यक्ती उत्तम हिशेबनीस असू शकते, हे जुने सदस्य विसरतात. महत्त्वाच्या विषयावर अध्यक्षांनी एक फेरी घ्यावी, प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं, ज्येष्ठांनी शेवटी.

थांबा: निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात ‘तुमची कहाणी सांगाल का?’ अशी गळ घालू नका. आजाराची गोष्ट सांगणं हे विश्वस्ताचं काम नाही. त्यांनी स्वतः तयारी दाखवली तर प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळी संमती घ्या, आणि ध्वनिमुद्रण किती काळ वापरणार तेही लिहून द्या.

तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी बसून विचारा: कोणत्या विषयावर बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही? ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच मिळतं.

## टप्पा 8: आजारपण आलं तर

हे आधी लिहून ठेवायचं, वेळ आल्यावर नाही. आणि सगळ्या विश्वस्तांसाठी एकच नियम. हृदयविकार असो की नैराश्य. अर्ध्या पानाचं टिपण प्रत्येकाने स्वतः भरावं: मी बरा किंवा बरी नसेन तेव्हा संस्थेतून कुणी संपर्क करावा, कुणाला काय सांगावं, कुणाला काहीच सांगू नये, कोणती कामं थांबवावीत. ते बंद पाकिटात सचिवांकडे राहतं.

रजा घेता यावी, उदाहरणार्थ सहा महिन्यांपर्यंत, पद कायम ठेवून. इतिवृत्तात फक्त ‘रजा मंजूर’. गणपूर्ती मोजताना रजेवरचा सदस्य कसा धरायचा ते नियमावलीत स्पष्ट करा. ‘सलग तीन सभांना गैरहजर राहिल्यास पद आपोआप रद्द’ हे कलम असेल तर त्यात मंजूर रजेचा अपवाद घाला, नाहीतर बाकी सारी तयारी या एका ओळीने पुसली जाईल.

मंडळावरच्या डॉक्टर आणि समुपदेशकांना एक गोष्ट बजावून सांगा: सहकारी विश्वस्ताचं निदान करायचं नाही, औषधं सुचवायची नाहीत, आणि त्याने कडाडून विरोध केला तर ‘हल्ली जरा त्रास होतोय वाटतं’ असं म्हणायचं नाही. मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायचं. तब्येतीबद्दल खरोखर काळजी वाटली तर सभा संपल्यावर, एकट्यात, पाकिटात नाव असलेल्या व्यक्तीनेच बोलायचं.

एखादा सदस्य मुदतीआधी राजीनामा देऊन गेला तर महिनाभरात मंडळाबाहेरच्या व्यक्तीने त्याच्याशी बोलावं. त्याने परवानगी दिलेले मुद्दे लेखी स्वरूपात पुढच्या सभेत वाचावेत आणि त्यातल्या कोणत्या मुद्द्यावर काय करायचं याचा ठराव व्हावा. तो ठराव झाल्याशिवाय रिकाम्या जागेची जाहिरात काढू नका.